कवच कुणाचे? मेसिनाचे पिंजरे, झान व्हिलप्रो-पॉवर आणि अर्गोनॉटचा दोन हजार वर्षांचा वाद

इ.स. १८३२ च्या सुमारास सिसिली बेटावरील मेसिना बंदराच्या उथळ पाण्यात काही पिंजरे नांगरून ठेवलेले दिसू लागले. त्यांत बाजारासाठी राखलेले मासे नव्हते. त्यांत होते अर्गोनॉट नावाचे अष्टपाद. त्यांच्यावर दिवसेंदिवस नजर ठेवणारी व्यक्ती कुठल्याही विद्यापीठाशी संबंधित नव्हती. पॅरिसमध्ये शिवणकाम शिकलेली, एका इंग्रज व्यापाऱ्याशी विवाह करून सिसिलीत स्थायिक झालेली ती सुमारे ३८ वर्षांची फ्रेंच स्त्री होती. झान व्हिलप्रो-पॉवर हे तिचे नाव. तिला एका साध्या प्रश्नाचे उत्तर हवे होते: अर्गोनॉट ज्या पांढऱ्याशुभ्र कवचात राहतो, ते कवच तो स्वतः घडवतो की दुसऱ्या कुणाचे बळकावतो?

मित्रहो, प्रश्न लहान वाटेल. पण अॅरिस्टॉटलपासून पॅरिसच्या प्राध्यापकांपर्यंत अनेकांना त्याने चकवले होते. आजचा धागा त्या प्रश्नाचा आहे, आणि उत्तर शोधणाऱ्याचे नाव कसे पुसट होते, त्याचाही.

प्रथम प्राण्याची ओळख. अष्टपाद, माकूळ आणि त्यांचे नातलग यांना प्राणिशास्त्रात शीर्षपाद म्हणतात, कारण त्यांच्या भुजा थेट डोक्यापासून फुटतात. गोगलगाय, शिंपले यांच्यासारखेच हेही मृदुकाय प्राणी. मात्र बहुतेकांनी बाहेरचे कवच उत्क्रांतीच्या ओघात टाकून दिले आहे. संरक्षणासाठी त्यांच्याकडे वेग आहे, शाई आहे, रंग बदलणारी त्वचा आहे. सामान्य अष्टपाद समुद्रतळाशी, खडकांच्या कपारीत बिऱ्हाड करतो. अर्गोनॉट मात्र तळ सोडून खुल्या समुद्राच्या वरच्या थरांत तरंगत जगतो, आणि त्याची मादी एका नाजूक, पन्हळीदार, कागदासारख्या पातळ कवचात बसलेली आढळते. हे कवच ३० सेंटिमीटरपर्यंत मोठे होऊ शकते. त्यामुळे युरोपीय भाषांत या प्राण्याला ‘कागदी नॉटिलस’ असेही नाव पडले. खऱ्या नॉटिलसशी त्याचे नाते दूरचे आहे. खऱ्या नॉटिलसच्या कवचात कप्पे असतात व शरीर कवचाला स्नायूंनी घट्ट जोडलेले असते. अर्गोनॉटच्या कवचात कप्पे नाहीत आणि शरीर कवचाला कुठेच जोडलेले नाही.

सगळा घोळ इथूनच सुरू होतो. जे अंगाला चिकटलेलेच नाही, ते स्वतःचे कसे?

अॅरिस्टॉटलने इ.स.पू. चौथ्या शतकात हा प्राणी नोंदवला. त्याचा बराच काळ लेस्बोस बेटावर गेला होता, आणि तिथल्या पिऱ्हाच्या खाडीतील कोळ्यांशी बोलून त्याने पुष्कळ माहिती जमवली होती. अष्टपादांविषयीची त्याची कित्येक निरीक्षणे आजही खरी ठरतात. अष्टपाद आजूबाजूच्या दगडांसारखा रंग धारण करतो, शिकार बिळात नेऊन खातो आणि खेकड्यांची कवचे व माशांचे काटे बाहेर टाकतो, अंडी राखणारी मादी अन्नावाचून खंगते, हे सारे त्याच्या ग्रंथात आहे. त्याच ग्रंथात तो अष्टपादाला मूर्खही म्हणतो, कारण पाण्यात हात घातला की हा प्राणी आपणहून हाताजवळ येतो! आज त्याच वर्तनाला आपण कुतूहल म्हणू. निरीक्षण तेच राहिले. बदलला तो त्यावरचा शेरा.

अर्गोनॉटविषयी अॅरिस्टॉटल सांगतो की तो कवच उलटे धरून खोल पाण्यातून वर येतो, पृष्ठभागावर आल्यावर ते सरळ करतो, भुजांमधील पडदा शिडासारखा उभारतो आणि वाऱ्यावर चालू लागतो. भीती वाटली की कवचात पाणी भरून बुडी मारतो. हे चित्र इतके मोहक होते की पुढची दोन हजार वर्षे ते कुणी पुसले नाही. १७५८ मध्ये लिनियसने प्राण्याला शास्त्रीय नाव दिले तेही ‘अर्गोनॉटा अर्गो’. ग्रीक पुराणकथेतील जेसनचे जहाज ‘अर्गो’ आणि त्यावरचे खलाशी यांच्यावरून. मात्र एका गोष्टीचे श्रेय अॅरिस्टॉटलला द्यायलाच हवे. हे कवच कसे उत्पन्न होते याचा निश्चित निर्णय अजून झालेला नाही, असे त्याने स्पष्ट लिहून ठेवले होते. नंतरच्यांनी शीड उचलले आणि शंका मागे सोडली.

मूळ प्राण्याला विसरून त्याची वस्तू तेवढी ओळखीची होणे ही काही केवळ ग्रीकांची गोष्ट नव्हे. आपल्याकडे आयुर्वेदात वापरला जाणारा समुद्रफेन म्हणजे माकुळाच्या एका नातलगाच्या शरीरातील पांढरी, हलकी, चुनखडीची पट्टी. किनाऱ्यावर वाहून आलेली ती वस्तू लोकांना समुद्राचा गोठलेला फेस वाटली, आणि नाव तेच राहिले. कोकणात म्हाकूळ रोज बाजारात विकला जात होता, औषधाच्या पुडीत समुद्रफेनही होता. दोहोंचे नाते मात्र नावात कुठेच उमटले नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अर्गोनॉटचा प्रश्न युरोपात ऐरणीवर आला. एका पक्षाचे म्हणणे होते की हा अष्टपाद परोपजीवी किंवा घुसखोर आहे. रिकाम्या शंखात संसार थाटणारा खेकडा आपण किनाऱ्यावर पाहतो, तसाच हा. सिसिलीत दशकभर राहिलेल्या राफिनेस्कने तसे मानले होते, आणि पॅरिसचे मातब्बर प्राणिशास्त्रज्ञ आंरी द ब्लँव्हिल हे या मताचे खंदे पुरस्कर्ते होते. त्यांचे मुद्दे पोकळ नव्हते, हे ध्यानात घ्यावे. मृदुकाय प्राणी कवच घडवतो ते प्रावार नावाच्या त्वचेच्या घडीतून, आणि कवच शरीराचा आकार घेते. इथे शरीराचा व कवचाच्या वळणाचा मेळ बसत नाही. शरीराला जोडणारा स्नायू नाही. प्राणी कवचातून बाहेर येऊ शकतो. इतर कुठल्याही अष्टपादाला असे कवच नाही. मग या कवचाचा खरा मालक कुणी वेगळाच, कदाचित पारदर्शक कवचाच्या समुद्री गोगलगायींसारखा एखादा अज्ञात जीव असला पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. तो मालक आजवर कुणाला दिसलेला नाही ही अडचण होती; परंतु समुद्रात न दिसलेले पुष्कळ काही असते, एवढे उत्तर त्यावर पुरत होते.

या वादातील बहुतेकांनी अर्गोनॉट पाहिला होता तो मद्यार्काच्या बाटलीत. मेलेला, आकसलेला, रंग उडालेला. कवच कोण घडवतो हे बाटलीला विचारून कळणार नव्हते. त्यासाठी जिवंत प्राणी, वेळ आणि जागा हवी होती. झानकडे या तिन्ही गोष्टी होत्या, किंबहुना त्या तिने मिळवल्या.

तिचा जन्म १७९४ मधला, फ्रान्सच्या कोरेझ भागातील झुयाक या गावचा. घर सामान्य, शिक्षण जेमतेम. अठरा वर्षांची असताना ती पॅरिसला निघाली. अंतर ४०० किलोमीटरहून अधिक, आणि प्रवास पायी. तिथे ती पोशाख शिवणाऱ्या एका दुकानात कामाला लागली. १८१६ मध्ये सिसिलीची राजकन्या मारी-कारोलिन हिचा विवाह बेरीच्या ड्यूकशी झाला. त्या विवाहाचा पोशाख झानच्या हातचा. नाव झाले, ओळखी वाढल्या, आणि जेम्स पॉवर या इंग्रज व्यापाऱ्याशी तिची भेट झाली. १८१८ मध्ये मेसिनात त्यांचा विवाह झाला. पुढची वीसहून अधिक वर्षे ती सिसिलीत होती.

तिच्या शिवणकामाचा आणि नंतरच्या प्रयोगांचा संबंध जोडण्याचा मोह अनेक लेखकांना होतो. टाके घालणारी बोटे, फाटके सांधणारा अष्टपाद, वगैरे. उपमा गोड आहे, पण पुरावा नाही. इतिहासाच्या वाचकाने असे मोह आवरलेले बरे. पुराव्याने दिसते ते एवढेच की सिसिलीत आल्यावर तिने स्वतःच्या बळावर निसर्गविज्ञान शिकून घेतले, बेट पायाखाली घातले, वनस्पती, प्राणी, जीवाश्म, शंख-शिंपले गोळा केले आणि पुढे सिसिलीविषयी दोन मार्गदर्शक ग्रंथ लिहिले (१८३९ आणि १८४२). घरात तिने मार्टेन जातीचे प्राणीही पाळले होते. मुंगसाच्या चणीचा हा रानटी मांसाहारी जीव पाळणे म्हणजे घरातील शांततेला रामराम ठोकणेच!

मेसिना हे ठिकाण तिच्या पथ्यावर पडले. इटलीच्या टोकाला आणि सिसिलीला विलग करणारी ही सामुद्रधुनी अरुंद आहे, तिच्यातील भरती-ओहोटीचे प्रवाह प्रचंड आहेत, आणि ते खोल पाण्यातील जीव वर आणून सोडतात. एरवी खुल्या समुद्रात शोधूनही न सापडणारे प्राणी इथे बंदरात हाताशी लागतात. पुढे जर्मन प्राणिशास्त्रज्ञांची रीघ याच कारणाने मेसिनाला लागली. तरुण हेकेलही १८५९ मध्ये तिथे गेला होता.

प्राणी मिळाले, पण ठेवायचे कुठे? खुल्या समुद्रातला नाजूक जीव बादलीत टिकत नाही. झानने त्यासाठी तीन प्रकारची साधने करून घेतली. एक, घरात ठेवण्याची काचेची पेटी, तिच्यात समुद्राचे पाणी. दोन, बाहेरून पिंजऱ्याने जपलेली काचेची पेटी, जी उथळ समुद्रात उतरवून पुन्हा वर घेता येई. तीन, मोठे पिंजरे, जे बंदरात नांगरून ठेवायचे. समुद्राचे पाणी आतबाहेर खेळते, प्राणी मात्र आतच राहतात. या तिसऱ्या साधनाला तिच्या नावावरून ‘पॉवरचे पिंजरे’ असे नाव पडले. या सगळ्यातील महत्त्वाची गोष्ट पारदर्शक काच नव्हे. प्राण्याला आपल्याकडे आणण्याऐवजी त्याला त्याच्याच पाण्यात ठेवून आपण त्याच्याकडे जाणे, हा विचार नवा होता.

आणि मग ती पाहत राहिली. दिवस, आठवडे, वर्षे.

पहिल्यांदा कोसळले ते शीड. अर्गोनॉटच्या मादीच्या दोन भुजांच्या टोकांना रुंद, चंदेरी पडदे असतात. वाऱ्यावर उभारलेले शीड म्हणून चित्रकारांनी शतकानुशतके रंगवले ते हेच. पाण्यात पाहिले तर ते पडदे कवचावर दोन्ही बाजूंनी पसरलेले, कवचाला कवेत घेतलेले दिसतात. प्राणी चालतो तो वाऱ्याने नव्हे. इतर शीर्षपादांप्रमाणे शरीरातील पाणी नळीतून जोराने बाहेर फेकून. सँडर रँग या फ्रेंच नौदल अधिकाऱ्यानेही जिवंत अर्गोनॉट पाहून १८३७ मध्ये पडद्यांविषयी असेच लिहिले.

दुसरा प्रयोग निर्णायक होता. झानने कवचाचे तुकडे तोडले आणि काय घडते ते पाहिले. कवच बळकावणारा खेकडा आपला शंख फुटला तर दुसरा शोधेल. तो दुरुस्त करू शकणार नाही, कारण शंख घडवण्याचा पदार्थ त्याच्या अंगातच नाही. अर्गोनॉटने पडदे भगदाडावर पसरले, त्यांतून स्राव सोडला, आणि काही काळाने भगदाड भरून निघाले. फुटलेले तुकडे हाताशी असतील तर त्यांचाही उपयोग करून घेतला. कवच प्रावारातून येत नाही, ही ब्लँव्हिल पक्षाची शंका बरोबरच होती. चूक होती ती पुढची उडी. कवच येत होते भुजांच्या पडद्यांतून. मृदुकाय प्राण्यांमध्ये असे दुसरे उदाहरण ठाऊकच नव्हते, त्यामुळे ते कुणाच्या ध्यानी आले नव्हते.

तिसरी गोष्ट पिल्लांची. कवचात अंड्यांचे घोस असत. अंडी फुटून बाहेर आलेले पिल्लू नागडे होते. कवच जन्माबरोबर येत नाही, नंतर घडते. शिंपल्या-गोगलगायींचे तसे नसते, त्यांच्या कवचाची सुरुवात अगदी आरंभीच्या अवस्थेतच होते. म्हणजे अर्गोनॉटचे कवच हे शरीराचा अवयव कमी आणि बांधकाम अधिक. मादी ते स्वतःसाठी बांधते, आणि अंड्यांसाठीही. तळावरचा अष्टपाद अंडी खडकाच्या छताला लटकवतो. खुल्या समुद्रात खडक नाही, म्हणून ही आई आपली कपार सोबत घेऊन फिरते.

काताँया येथील जोएनिया अकादमीने तिचे काम उचलून धरले, तिला सदस्यत्व दिले. एका स्त्रीला असा मान मिळणे त्या काळी अपवादच होते. १८३४ मध्ये कार्मेलो माराविन्या यांनी अकादमीपुढे तिच्या संशोधनाचा वृत्तांत मांडला. तिचा स्वतःचा निबंध इटालियनमध्ये आला. पण काताँयाचा आवाज पॅरिसपर्यंत पोहोचणे आणि पॅरिसने तो मानणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. ब्लँव्हिल यांचे मत बदलले नाही.

१८३८ मध्ये घात झाला. तिचे संग्रह, टिपणे, रेखाटने घेऊन निघालेले जहाज फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ बुडाले. वर्षानुवर्षांच्या श्रमाची मूळ कागदपत्रे समुद्राच्या तळाशी गेली. पुढे तिच्याविषयी जे काही मौन आढळते, त्याचे एक कारण हे आहे. एकमेव कारण नव्हे. तिच्याच काळातील कित्येक पुरुष संशोधकांची कागदपत्रे हरवली, पण त्यांच्यामागे त्यांची शिष्यमंडळी, पदे, संस्था होत्या. आठवण ठेवायला कुणीतरी होते. तिच्यामागे पिंजरे होते, आणि पिंजरे लाटांनी मोडतात.

सुदैवाने लंडनला तिचे नमुने पोहोचले. १८३९ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी तिथल्या प्राणिशास्त्रीय सोसायटीपुढे ते मांडले. ओवेन हे काही नवखे नव्हते. खऱ्या नॉटिलसवरचा त्यांचा १८३२ चा प्रबंध गाजलेला होता. झानने पाठवलेल्या संग्रहात निरनिराळ्या वयाचे अर्गोनॉट त्यांच्या कवचांसह होते, अंडी होती, तुटून पुन्हा सांधलेली कवचेही होती. ओवेन यांची मांडणी पाहण्यासारखी आहे. लहान प्राण्याजवळ लहान कवच, मोठ्याजवळ मोठे. प्रमाण कुठेच बिघडत नाही. चोराला दरवेळी मापाचेच घर कसे मिळेल? शिवाय त्या जातीच्या कवचात सापडतो तो त्याच जातीचा अष्टपाद, दुसरा कधीच नाही. आणि सांधलेल्या तुकड्यांचे काय? हळूहळू घुसखोरीचे मत मागे पडले. १८५८ मध्ये ओवेन यांनी जलजीव पाळण्याच्या विद्येची जननी म्हणून तिचा गौरव केल्याचे सांगितले जाते.

इथे कथा संपायला हवी होती. पण अर्गोनॉटने दुसरे कोडे राखून ठेवले होते. कवचात सापडलेला प्रत्येक प्राणी मादीच होता. मग नर कुठे?

उत्तर कित्येकांच्या डोळ्यांसमोर होते, फक्त ते चुकीच्या चिठ्ठीखाली ठेवलेले होते. अर्गोनॉट मादीच्या प्रावाराच्या पोकळीत कधीकधी एक वळवळणारा, चूषकांच्या रांगा असलेला ‘किडा’ सापडे. नेपल्सच्या देल्ले किआये यांनी १८२५ मध्ये त्याला परजीवी कृमी म्हणून नाव दिले. १८२९ मध्ये तशाच एका नमुन्यावरून, जो दुसऱ्या अष्टपादावर सापडला होता, खुद्द क्युव्हिए यांनी ‘हेक्टोकोटिलस’ ही परजीवींची नवी जात स्थापन केली. अर्थ, शंभर वाट्यांचा. क्युव्हिए म्हणजे तुलनात्मक शरीररचनाशास्त्राचा त्या काळचा अंतिम शब्द. हाडाच्या एका तुकड्यावरून अख्खा प्राणी ओळखण्याची ज्याची ख्याती, त्याने एका तुकड्यालाच अख्खा प्राणी ठरवले!

१८४० च्या दशकात आल्बेर्ट कोलिकर मेसिनाला आला. त्याने त्या ‘किड्या’त शुक्रजंतू पाहिले आणि निष्कर्ष काढला की हा परजीवी नव्हे, हाच अर्गोनॉटचा नर आहे, ऱ्हास पावून एवढासा उरलेला. तो सत्याच्या फार जवळ गेला आणि तरीही चुकला. पुढे नीस येथील व्हेरानी यांना संबंधित जातीच्या एका लहान अष्टपादाच्या अंगालाच जोडलेला हेक्टोकोटिलस दिसला. आणि १८५३ मध्ये हाइनरिख म्युलर याने अर्गोनॉटचा खरा नर प्रसिद्ध केला. तोही मेसिनाच्याच पाण्यातला. नर अवघ्या काही सेंटिमीटरांचा, मादीपुढे चिमुकला, कवचाविना. त्याची डाव्या बाजूची तिसरी भुजा एका पिशवीत गुंडाळलेली असते. मीलनाच्या वेळी ती भुजा शुक्रजंतूंसह शरीरापासून तुटते आणि मादीच्या पोकळीत जाऊन राहते. क्युव्हिए यांचा परजीवी म्हणजे एका नराचा तुटलेला हात होता.

१८५६ मध्ये डेन्मार्कच्या स्टीनस्ट्रुप यांनी दाखवून दिले की इतर शीर्षपादांतही नराची एक भुजा याच कामासाठी बदललेली असते, जरी ती तुटत नसली तरी. त्या भुजेला आजही ‘हेक्टोकोटिलस’च म्हणतात. चुकून दिलेले नाव खऱ्या अवयवाला चिकटून राहिले. त्याहून गंमत म्हणजे अॅरिस्टॉटलला हे कोळ्यांकडून कळले होते. नर अष्टपादाच्या एका भुजेत जननाचे साधन असते, असे काही लोक सांगतात, हे त्याने एका ग्रंथात नोंदवले. आणि दुसऱ्या ग्रंथात ती भुजा केवळ धरून ठेवण्यासाठी असते असे म्हणून नाकारले. कोळी बरोबर होते.

आता मत्स्यालयाच्या श्रेयाचा मुद्दा, कारण त्यावर समाजमाध्यमांत बरीच ढोबळ विधाने फिरतात. झानने ‘मत्स्यालयाचा शोध लावला’ हे वाक्य थोडे सावरून वापरावे. पाण्यात मासे पाळणे फार जुने; चीनमध्ये सोनमासे होते, रोमन श्रीमंतांकडे समुद्राच्या पाण्याची तळी होती. वनस्पती व प्राणी यांचा समतोल साधून काचेतील पाणी दीर्घकाळ ताजे ठेवण्याचे रासायनिक तत्त्व रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८५० मध्ये मांडले. त्याआधी १८४६ पासून अॅना थिन या लंडनमधील बाईंनी प्रवाळ जिवंत ठेवले होते. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यगृह उघडले, आणि पुढच्या वर्षी फिलिप हेन्री गॉसच्या पुस्तकाने घरोघरी काचेच्या पेट्यांचे वेड लावले. आपल्या मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ चे, त्याच परंपरेतले. झानचा हक्क नेमका वेगळा आहे: समुद्री प्राण्याच्या वर्तनाविषयी एक निश्चित प्रश्न विचारून, त्याचे उत्तर प्रयोगाने काढण्यासाठी अशी साधने बांधणे आणि वर्षानुवर्षे वापरणे, हे तिने वॉरिंग्टन आणि गॉस यांच्या कितीतरी आधी केले. माझ्या मते हा दावा ‘पहिले मत्स्यालय’ या बिरुदापेक्षा मोठा आहे.

तिला स्वतःला या श्रेयाची जाणीव होती. १८५६ मध्ये पॅरिसमध्ये अर्गोनॉटवरील निबंध फ्रेंचमध्ये छापताना तिने शीर्षकातच प्रयोगांचा काळ घातला, १८३२ ते १८४३. मुखपृष्ठावर सनावळी कोरून ठेवणारी ही लेखिका कुणाशी तरी भांडत होती, हे न सांगता कळते. १८६० मध्ये तिने इतर निरीक्षणांचे पुस्तक काढले. त्यात एका अष्टपादाचा प्रसंग आहे. समोर पंख्याच्या आकाराचा मोठा शिंपला, पिना, तोंड उघडून बसलेला. अष्टपाद जवळ दगडाचा तुकडा धरून वाट पाहतो, आणि शिंपला पुरता उघडताच तो तुकडा दोन झडपांच्या मध्ये सारतो. झडपा मिटत नाहीत, भक्ष्य हाती लागते. असेच काहीसे रोमन लेखक प्लिनीनेही लिहिले होते आणि ती दंतकथा मानली जाई. प्राणी साधने वापरतात की नाही हा वाद विसाव्या शतकात पेटला, तेव्हा मेसिनाच्या त्या दगडाची आठवण फारशी कुणाला झाली नाही.

१८४३ च्या सुमारास पॉवर दांपत्याने सिसिली सोडली. पुढील आयुष्य पॅरिस आणि लंडनमध्ये गेले. १८७० मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला, तेव्हा ती आपल्या जन्मगावी झुयाकला परतली, आणि जानेवारी १८७१ मध्ये तिथेच वारली. त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ तिचे नाव विशेषज्ञांच्या तळटिपांपुरते राहिले. १९९७ मध्ये शुक्र ग्रहावरील एका विवराला ‘व्हिलप्रो-पॉवर’ असे नाव देण्यात आले.

अर्गोनॉटवरचे काम थांबलेले नाही. २०१० मध्ये ज्युलियन फिन व मार्क नॉर्मन या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी जपानच्या समुद्रात जिवंत माद्यांबरोबर बुडी मारून पाहिले. मादी पृष्ठभागावर येते, कवच झुलवून त्यात हवा भरून घेते, भुजांनी हवा कोंडते आणि मग जोराने खाली जाते. इतकी खाली, की दाबाने आकसलेल्या हवेचा उचल आणि तिचे वजन यांचा तोल जमतो. त्या खोलीवर ती ना बुडते ना तरंगते, आडवी निर्धास्त पोहते. कवच हाती असलेला हा जीव पृष्ठभागावर कशाला येतो, हे अॅरिस्टॉटलच्या कोळ्यांनी पाहिले होते; हवा भरायला येतो हे त्यांना कळले नव्हते, म्हणून त्यांनी शीड उभारले. आणि २०२२ मध्ये जपानी संशोधकांनी अर्गोनॉटचा जनुकसंच उलगडला. कवच घडवणारी त्याची प्रथिने खऱ्या नॉटिलसच्या प्रथिनांहून बरीच वेगळी निघाली. पूर्वजांनी टाकून दिलेले कवच या अष्टपादाने परत मिळवलेले नाही; वेगळ्या सामग्रीने, वेगळ्या अवयवातून, नव्याने बांधले आहे.